लॉग रोटेट करताना (सर्व्हरच्या नोंदींची जुनी फाईल बाजूला करून नवी सुरू करताना) कॉपीट्रंकेट (फाईलची कॉपी काढून मूळ फाईल तिथेच रिकामी करणं) लावणं म्हणजे आळस आहे का?

पंचवटीकर: सातपूरच्या एका क्लायंटचा सर्व्हर बघतो मी, परवा रात्री डिस्क फुल्ल. तिथल्या पोराने घाबरून एनजिनएक्सची (वेबसर्व्हरची) ॲक्सेस लॉगची फाईल सरळ आरएम (डिलीट कमांड) मारून उडवली, तरी डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) १०० टक्केच दाखवतंय आणि डीयू (फोल्डरमधल्या फाईली मोजणारी) म्हणतंय फोल्डर रिकामं! नाव गेलं पण एनजिनएक्सने फाईल उघडीच धरलेली, मग जागा सुटणार कशी. एलएसओएफ (उघड्या फाईलींची यादी देणारी कमांड) मारलं तर ३१ जीबी, पुढे 'डिलीटेड' लिहिलेलं. यूएसआर१ सिग्नल दिला, एनजिनएक्सने लॉग नव्याने उघडला, जागा मोकळी. त्यामुळे माझं स्पष्ट मत, फाईलचं नाव बदला, पोस्टरोटेटमधे (रोटेट झाल्यावर चालणाऱ्या कमांडमधे) सिग्नल द्या. कॉपीट्रंकेट लावणारे आळशी.

सिडकोवाला: एनजिनएक्स आहे म्हणून बोलताय राव. आमचं जुनं जावा ॲप कुठल्याच सिग्नलला लॉग परत उघडत नाही, रिस्टार्ट केलं की वर यायला ४ मिनिटं, रोज पहाटे साईट पाडू का त्यासाठी?

पंचवटीकर: आणि कॉपी झाल्यावर, ट्रंकेट व्हायच्या आत आलेल्या ओळी? त्या जातात, लॉगरोटेटच्या (रोटेट करणाऱ्या टूलच्या) मॅन्युअलमधेच लिहिलंय. शिवाय ३० जीबीची कॉपी करायला तेवढी जागा नको? भरलेल्या डिस्कवर आणणार कुठून?

सिडकोवाला: ३० जीबी होईपर्यंत झोपा काढायच्याच कशाला, ठरावीक साईज झाली की रोटेट होईल असं लावा. फक्त तेवढ्याने भागत नाही हं, डेबियनवर (लिनक्सचा एक प्रकार) लॉगरोटेट दिवसातून एकदाच चालतो, टायमरपण तासाचा करावा लागतो, मी स्वतः यात दोन दिवस घालवलेत. चार ओळी गेल्याने काय गोदावरीला पूर येणारे?

गंगापूररोडची ताई: दोघंही ओळी मोजत बसलायत. सर्ट-इनने (सरकारी सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत १८० दिवसांचे लॉग ठेवायला सांगितलंय. डेबियनचं एनजिनएक्सचं तयार कॉन्फिग उघडून बघा, डेली आणि रोटेट १४, म्हणजे रोज रोटेट आणि फक्त १४ जुन्या फाईली. साडेपाच महिने गायब, ते चालतं?

पंचवटीकर: ताई, आत्ता बघितलं, इथे तर ७ च आहे 😐 १८० करतो.

सिडकोवाला: करा, आणि महिन्याभरात परत डिस्क फुल्ल म्हणून बोंबलत या. आधी कॉम्प्रेस लावा, जुन्या फाईली दुसऱ्या मशीनवर हलवा, मग आकडा वाढवा.