शब्दचर्चा : 'उपरती', 'लळा', 'माणसात येणे' आणि व्हिडिओ गेममधले नायक

प्रश्न

कथाप्रधान व्हिडिओ गेमविषयी मराठीत लिहिताना एक अडचण वारंवार येते. गेल्या दहा-बारा वर्षांत जे गेम चाहत्यांच्या मनात घर करून राहिले, त्यांची चर्चा नायकाच्या शस्त्रांपेक्षा त्याच्या मनात काय बदलले आणि त्याची जवळच्यांशी असलेली नाती कशी पालटली, या अंगानेच अधिक होते. या बदलासाठी आपल्याकडे सरसकट 'भावनिक विकास' असे लिहिले जाते. बालमानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात हा शब्द शोभतो. पण पन्नाशीकडे झुकलेल्या, शेकडो खून करून बसलेल्या पुरुषाचा 'भावनिक विकास झाला' असे लिहिताना हात अडखळतो. 'परिपक्वता' आणि 'प्रगल्भता' हे शब्दही वयाने आणि बुद्धीने येणाऱ्या गोष्टींचे आहेत. पश्चात्ताप, प्रायश्चित्त, हृदयपरिवर्तन, वाल्याचा वाल्मीकी होणे असे पर्याय सुचतात, परंतु त्यांपैकी कोणता केव्हा वापरावा, हे ठरवता येत नाही. जाणकारांनी गेममधील प्रसंगांचे दाखले देऊन सांगावे. (पुढे काही गेमचे शेवट उघड होणार, हे गृहीत धरूनच वाचावे.)

प्रतिसाद १

आपण 'पश्चात्ताप' आणि 'प्रायश्चित्त' एका दमात घेतले आहेत. त्यांच्यामध्ये 'उपरती' ठेवली आणि तिन्ही शब्द वेगळे राखले, तर २०१८ साली आलेल्या 'रेड डेड रिडेम्पशन २'मधल्या आर्थर मॉर्गनची सगळी वाट त्या तीन शब्दांत नीट दाखवता येते.

कथा १८९९ सालच्या अमेरिकेतली आहे. आर्थर हा डच व्हॅन डर लिंड याच्या टोळीतला भरवशाचा माणूस असून, टोळीतल्या सावकाराची थकलेली कर्जे तो मारहाण करून वसूल करतो. थॉमस डाउन्स नावाच्या आजारी शेतकऱ्याला तो कुंपणाशी धरून मारत असताना तो शेतकरी त्याच्या तोंडावर खोकतो, आणि क्षयाचे जंतू तिथूनच आर्थरच्या शरीरात शिरतात. खेळणाऱ्याला त्या क्षणी त्यात काही विशेष वाटत नाही. अनेक तासांनी, सेंट डेनिस शहरात डॉक्टर निदान सांगतो तेव्हा तो खोकला आठवतो.

या निदानानंतर आर्थरला होते ती उपरती. मुळात 'उपरति' हा वेदान्तातला शब्द आहे. शम, दम, उपरति, तितिक्षा, श्रद्धा आणि समाधान या साधकाच्या सहा संपत्तींमध्ये तिची गणना होते आणि तिचा अर्थ विषयांपासून मन परतणे असा आहे. रोजच्या मराठीत मात्र तिला उशिराची आणि थोडी कुत्सिततेची छटा आली आहे. 'आता उपरती झाली का?' असे आपण विचारतो, तेव्हा वेळ निघून गेल्याचेच सुचवत असतो. आर्थरला ही छटा नेमकी लागू पडते, कारण मृत्यू समोर दिसेपर्यंत त्याने मागे वळून पाहिलेले नाही. पश्चात्ताप त्यानंतरचा. रेल्वे स्थानकावर सिस्टर कॅल्डेरॉन या जोगिणीजवळ तो आपल्याला भीती वाटते असे कबूल करतो, त्या प्रसंगात हा ताप प्रथमच बोलून दाखवला जातो. आणि प्रायश्चित्त ही नुसती भावना नसून कृती आहे. ते 'घ्यावे' लागते. आर्थर त्या सावकाराला तळावरून हाकलून देतो, डाउन्सच्या विधवेला आणि मुलाला पैसे देऊन तिथून बाहेर काढतो आणि शेवटी जॉन मार्स्टनला त्याच्या बायको-मुलासह निसटून जाता यावे म्हणून स्वतः मागे थांबतो. यांतले विधवेचे प्रकरण खेळणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले आहे. ज्याने ते केले नाही, त्याच्या आर्थरला उपरती झाली, पण त्या कुटुंबापुरते प्रायश्चित्त राहूनच गेले, असे म्हणावे लागेल.

'वाल्याचा वाल्मीकी' इथे शेवटाकडून बसत नाही, कारण आर्थर ऋषी होत नाही आणि त्याला तेवढा वेळही मिळत नाही. सुरुवात मात्र विलक्षण जुळते. वाल्याचे कुटुंब लुटीत वाटेकरी होते आणि पापात वाटेकरी व्हायला तयार नव्हते. डचची टोळीही अखेरीस तशीच निघते.

गेमच्या नावातल्या 'रिडेम्पशन'साठी काही जण 'उद्धार' लिहितात. 'त्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला' याचा मराठीत काय अर्थ होतो, हे ध्यानात घेऊन तो शब्द टाळलेला बरा.

प्रतिसाद २

वरील प्रतिसाद आर्थरपुरता पटतो. परंतु ज्या नायकाला कसलीच उपरती होत नाही, त्याचे काय करायचे? २०१३ सालच्या 'द लास्ट ऑफ अस'मधला जोएल असा आहे. साथ पसरली त्या पहिल्याच रात्री त्याची मुलगी सारा एका सैनिकाच्या गोळीने मरते. वीस वर्षांनंतरही तिने वाढदिवसाला दिलेले घड्याळ त्याच्या मनगटावर आहे आणि ते बंद पडलेले आहे. एली या चौदा वर्षांच्या मुलीला बॉस्टनमधून बाहेर पोहोचवण्याचे काम त्याच्यावर येते, तेव्हा ती त्याच्या लेखी केवळ चोरटा माल असते.

इथे मला 'लळा' हा शब्द फार उपयोगाचा वाटतो, आणि त्यातही 'लळा लागणे' व 'लळा लावणे' यांतला फरक. लावणे हे कर्त्याच्या हातात असते, लागणे नसते. जोएलला एलीचा लळा लागतो तो त्याच्या इच्छेविरुद्ध. तो तिला आपल्या भावाच्या हवाली करायला निघतो आणि तिने साराचा विषय काढल्यावर झिडकारतो, ते आपल्याला लळा लागल्याचे त्याला कळून चुकले आहे म्हणूनच. 'जवळीक वाढली' किंवा 'नाते दृढ झाले' असे लिहिले, तर ही नाइलाजाची बाजू पुसली जाते.

शेवट अधिक अवघड आहे. ही साथ एलीला बाधत नाही, म्हणून लस शोधण्यासाठी तिच्यावर शस्त्रक्रिया करायची आणि तीत तिचा जीव जाणार, हे कळल्यावर जोएल सॉल्ट लेक सिटीच्या रुग्णालयातल्या माणसांना मारून तिला उचलून आणतो आणि नंतर तिच्याशी खोटे बोलतो. याला प्रेम म्हणावे की स्वार्थ, यावर चाहते अजून भांडतात. मराठीत या भांडणासाठी तयार शब्द आहे : 'पुत्रमोह'. धृतराष्ट्रामुळे त्याला दोषाचा रंग चढलेला आहे, पण प्रेम नाकारलेले नाही. प्रेम होते आणि त्यापायी विवेक सुटला, हे दोन्ही त्यात एकत्र येते. 'पुत्र' मुलीला कसा लावायचा, ही अडचण राहते. 'अपत्यमोह' हा शब्द रुळलेला नसला तरी कळतो, म्हणून मी तोच लिहीन. जोएलचा विकास झाला असे म्हणणे मला धाडसाचे वाटते. तो वीस वर्षांपूर्वी होता तसा बाप पुन्हा झाला, आणि त्याची किंमत इतरांनी मोजली.

प्रतिसाद ३

मूळ प्रश्नात पन्नाशीचा पुरुष आणि शेकडो खून यांचा उल्लेख आहे. प्रश्नकर्त्याच्या मनात बहुधा 'गॉड ऑफ वॉर'चा क्रेटॉस असावा. त्याच्यासाठी माझी शिफारस 'माणसात येणे' या वाक्प्रचाराची आहे, आणि ती मी अर्ध्या थट्टेनेही करत नाही.

मराठीत या वाक्प्रचाराचा जोडीदार आहे 'माणसातून उठणे'. व्यसनाने, रागाने किंवा एखाद्या भयंकर कृत्याने ज्याचा चारचौघांशी संबंधच उरत नाही, तो माणसातून उठला असे म्हणतात. २००५ साली सुरू झालेल्या मालिकेतला क्रेटॉस हुबेहूब तसा आहे. एरीस या युद्धदेवतेच्या कपटामुळे त्याच्याच हातून त्याची बायको आणि मुलगी मारली जाते, त्यांची राख त्याच्या कातडीला कायमची चिकटते, आणि पुढे सूडापायी तो बापासह बहुतेक ग्रीक देव संपवतो. माणसातून उठून तो देव होतो, ही यातली क्रूर गंमत आहे.

२०१८ साली कथा उत्तरेकडच्या नॉर्स देवांच्या प्रदेशात जाते. तिथे त्याची दुसरी बायको फे वारली आहे, आणि तिची राख सर्वांत उंच शिखरावरून उधळायची म्हणून तो मुलगा अ‍ॅट्रियसला घेऊन निघतो. सुरुवातीच्या शिकारीत जखमी हरणाला शेवटचा घाव घालणे त्या पोराला जमत नाही. क्रेटॉस त्याच्या हातावर आपला हात ठेवून सुरी आत घालवतो; मग मुलाच्या पाठीवर ठेवण्यासाठी उचललेला हात मधेच थांबतो आणि मागे येतो. एका शब्दाचाही संवाद नसलेल्या या हालचालीतून तो अजून माणसात आलेला नाही, हे दिसते. मारण्यासाठी हात देणे त्याला येते, धीर देण्यासाठी येत नाही.

त्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा मुलाच्या आजारपणाचा आहे. औषधासाठी हेलहाइम या मृतांच्या लोकात जायचे तर तिथल्या थंडीत त्याची बर्फाळ कुऱ्हाड कुचकामी आहे, म्हणून घराच्या जमिनीखाली लपवलेली, साखळ्यांची जुनी पाती त्याला उकरून काढावी लागतात. ज्यांच्या खुणा लपवण्यासाठी त्याने मनगटे पट्ट्यांनी गुंडाळली होती, तीच ही पाती. त्या वेळी अथेना या ग्रीक देवीची छाया त्याला तू राक्षसच राहणार असे बजावते. तो ते नाकारत नाही. मात्र आता तुझा राक्षस नाही, एवढेच उत्तर देतो. 'हृदयपरिवर्तन' लिहिले की जुने हृदय टाकून नवे बसवल्यासारखे होते, आणि क्रेटॉस तर जुने सगळे जवळ बाळगून आहे. माणसात आलेला मनुष्य आपण कोठून आलो हे विसरलेला असतोच असे नाही.

त्याच्या रागापुरता सुटा शब्द हवा असेल, तर 'निवळणे'. गढूळ पाण्यातला गाळ बाहेर काढलेला नसतो, तो तळाशी बसलेला असतो आणि ढवळले की वर येतो. २०२२ सालच्या 'रॅग्नारॉक'मधला क्रेटॉस निवळलेला आहे. 'शांत झाला' म्हटले तर गाळाची आठवण राहत नाही.

प्रतिसाद ४

थोडक्यात एक पुरवणी. 'विचर ३' (२०१५) मधला नायक गेराल्ट आणि त्याने सांभाळलेली सिरी यांच्या नात्यासाठी पुष्कळ जण 'दत्तक मुलगी' असे लिहितात. दत्तकाला आपल्याकडे विधी, कायदा आणि वारसा असे तिन्ही चिकटलेले आहे. सिरीचा जन्मदाता सम्राट एमहिर जिवंत आहे आणि वारशाची भाषा तोच करतो. गेराल्टजवळ द्यायला राज्य नाही. 'मानलेली लेक' हा शब्द इथे चपखल बसतो, कारण त्यात मानण्यापलीकडे कोणतेच बंधन नाही.

शिवाय या गेममध्ये बाप म्हणून वाढ व्हायची ती गेराल्टची, आणि ती खेळणाऱ्याने करून घ्यायची असते. निराश झालेल्या सिरीबरोबर बर्फाचे गोळे फेकत खेळायचे की दारू पाजून समजूत काढायची, जादूगारणींच्या सभेत तिला एकटीला जाऊ द्यायचे की मागोमाग जायचे, अशा लहानसहान निवडींवर शेवटी तिचे जगणे-मरणे ठरते. या निवडींना 'विश्वास ठेवणे' म्हणण्यापेक्षा 'मोकळीक देणे' म्हणावे. विश्वास मनातल्या मनातही ठेवता येतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

'माणसातून उठणे' आणि 'माणसात येणे' ही जोडी मी निःशंकपणे स्वीकारतो. 'अपत्यमोह' मात्र मला जड वाटतो. जोएलसाठी 'लळा' पुरेसा आहे आणि दोष दाखवायचा असेल तेव्हा 'आंधळी माया' म्हणता येईल.

आणखी एक शंका. क्रेटॉस २०१८च्या गेममध्ये मुलाला बहुतेक वेळा नावाऐवजी नुसते 'बॉय' म्हणून हाक मारतो, आणि ती हाक चाहत्यांच्या तोंडी बसली आहे. मराठीत 'मुला' लिहिले तर पौराणिक नाटकाचा भास होतो. 'पोरा' आणि 'पोऱ्या' यांत निवड कशी करावी?

प्रतिसाद ३ लिहिणाऱ्याचे उत्तर

'पोऱ्या' हा हॉटेलात कपबश्या विसळणारा किंवा गॅरेजमध्ये पाने आणून देणारा असतो. त्या शब्दात काम सांगणे आहे, नाते नाही. 'पोरा'मध्ये दटावणीही मावते आणि मायाही, फरक फक्त स्वराचा राहतो. मूळ हाकेचेही तेच होते : शिकारीच्या वेळी ती हुकूम असते, आणि प्रवासाच्या शेवटाकडे तीच हाक मऊ झालेली ऐकू येते. म्हणून आरंभापासून 'पोरा'च ठेवावे. पहिल्या भागात 'पोऱ्या' आणि नंतर 'पोरा' अशी चतुराई केली, तर अभिनेत्याने आवाजातून जे साधले आहे ते अनुवादक शब्दातून आधीच सांगून टाकेल.

प्रतिसाद ५

नात्यांचा विषय निघालाच आहे, तर 'गॉड ऑफ वॉर'मधल्या फ्रेया या नॉर्स देवीचेही पाहावे. तिचा मुलगा बाल्डर याला क्रेटॉसने मारले म्हणून ती 'रॅग्नारॉक'च्या आरंभी त्याच्या जिवावर उठलेली असते, आणि पुढे ते दोघे एकाच बाजूने लढतात. यासाठी 'मनोमिलन' हा शब्द वापरलेला मी वाचला. निवडणुकीच्या तोंडावर दोन गटांचे नेते एकमेकांना पेढा भरवतात, त्या बातमीत तो शोभतो. 'दिलजमाई'लाही तसाच खोडकर वास आहे. फ्रेया आधी नॉर्स देवांचा राजा ओडिन याच्या शापातून सुटण्यापुरती क्रेटॉसबरोबर व्हानाहाइमला जाते, तेव्हा तो 'तह' असतो. तहात वैर शिल्लक असते, फक्त हत्यार खाली ठेवलेले असते. पुढे एका चुलीभोवती राहून, एकमेकांच्या मेलेल्या माणसांविषयी बोलून जे तयार होते, त्याला 'सलोखा' म्हणावे. सलोखा ठरवून होत नाही, आणि त्याची तारीखही सांगता येत नाही.