मदत हवी आहे : बेस गिटारसाठी परवडणारा प्रोसेसर – झूमचा नवा बी१ फोर की जुना बी३?

नमस्कार मंडळी,

बेस गिटारसाठी प्रोसेसर घ्यायचा आहे, म्हणजे मल्टी-इफेक्ट युनिट, आवाज बदलणारे अनेक इफेक्ट एकाच डबीत. बजेट १२ हजार, फार ओढाताण केली तर १३. अडॅप्टर आणि केबल त्यातच बसवायच्या आहेत. नाशिकमध्ये बेस वाजवणारे मोजकेच. माझ्या ओळखीतले बहुतेक जण थेट मिक्सरला जॅक लावून मोकळे होतात, म्हणून इथे विचारतोय. जरा सविस्तर लिहितो.

माझा बेस चार तारांचा, पॅसिव्ह (आत बॅटरीवरचं सर्किट नसलेला), जॅझ बेसच्या धाटणीचा. वाजवतो दोन ठिकाणी. एक म्हणजे ऑर्केस्ट्रा : गणपती, नवरात्र, कोजागरी, हळदी-संगीताच्या सुपाऱ्या. सिडको, पंचवटी, नाशिकरोड, कधी पार ओझर-निफाडपर्यंत. ऑक्टोपॅड, ढोलकी, कीबोर्ड, दोन गायक आणि मी. दुसरा मित्रांचा रॉक बँड, ज्याचे कार्यक्रम क्वचित, सराव मात्र नियमित. पैसे ऑर्केस्ट्रातून येतात, त्यामुळे प्रोसेसर त्यासाठीच घेतोय. बँडलाही चालला तर उत्तमच.

अडचण अशी की ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर बेस ॲम्प नसतो. साउंडवाला एक जॅक हातात देतो, तो स्नेकमधून (अनेक वायरींच्या जाड केबलमधून) मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या मिक्सरला जातो. पॅसिव्ह पिकअपला एवढी लांब केबल लागली की वरची धार तिथेच मरते. खाली उरते ती नुसती गुरगुर. त्यात स्टेजच्या दोन्ही बाजूंना सबवूफरची चळत, ऑक्टोपॅडचा किक आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात, तिघेही माझ्याच खालच्या सुरांच्या जागेत. मोकळी ई तार ४१ हर्ट्झला वाजते. गायिकेसाठी पट्टी खाली घेऊन तीच तार डी केली की ३७ च्याही खाली. लोकांना छातीत काहीतरी धडधडतं, पण मी कुठला सूर लावला ते कोणालाच कळत नाही, आणि मॉनिटरमध्ये मलाही नाही. मनापासून वाजवलेली एखादी चाल अशी हवेत विरते तेव्हा फार वाईट वाटतं.

त्यामुळे शंभर आवाजांचा मला उपयोग नाही. धड कॉम्प्रेसर (लहानमोठा आवाज सारखा करणारा), एक चांगलं प्रीॲम्पचं मॉडेल (ॲम्पच्या आवाजाची नक्कल), ईक्यू, स्टेजच्या अंधारात दिसेल असा ट्यूनर एवढं हवं. ऐंशीच्या दशकातल्या डिस्को मेडलीसाठी एन्व्हलप फिल्टर (वाजवण्याच्या जोरावर ‘वाँव’ करणारा) आणि ऑक्टेव्हर (सप्तकभर खालचा सूर जोडणारा) मिळाला तर मजा येईल.

आतापर्यंत जे पाहिलं ते असं. झूमचा बी१ फोर बजेटमध्ये बसतो. एका वेळी पाच इफेक्ट, पेन्सिल सेलवर चालतो, लूपर आणि रिदम आहेत, ऑक्स इन आहे, घरी हेडफोनवर सराव होतो. पण आउटपुट एकच, हेडफोनचंही तेच, आणि एक्सएलआर (मिक्सरला जाणारा तीन पिनांचा जोड) नाही. बॉसचा जीटी-१बी आवडला, पाय ठेवायचा एक्स्प्रेशन पेडल बसवलेलाच आहे आणि यूएसबीवरून रेकॉर्डिंग होतं, पण तो नवा घेणं जमणार नाही. झूमचा एमएस-६०बी छोटा आणि छान, पण स्टेजवर एकाच पायबटणावर सगळं करायचं म्हणजे गाण्यांच्या मधे वाकून बसावं लागणार. आणि एक जुना झूम बी३ मुंबईत सेकंडहँड मिळतोय, बजेटच्या आत. तो २०११ सालचा, धातूच्या बॉडीचा, तीन पायबटणं, आणि मुख्य म्हणजे मागे एक्सएलआर डीआय आउट, म्हणजे थेट मिक्सरला लांबवर सिग्नल देण्याची सोय. त्याच्यानंतर आलेल्या बी३एन मध्ये झूमने हे एक्सएलआर काढून टाकलं, हे मला अजिबात पटलेलं नाही.

इथल्या एका दुकानात सल्ला मिळाला की गिटारचाच प्रोसेसर घ्या, सगळं सारखंच असतं. ते खरं आहे का?

थोडक्यात प्रश्न : नवा बी१ फोर घेऊन वेगळा डीआय बॉक्स जोडू, की जुना बी३ घेऊ? आणि एवढ्या जुन्या युनिटमध्ये काय तपासायचं?

प्रतिसाद १

पहिलं ते दुकानवाल्याचं. सारखं नसतं. गिटारची सर्वांत खालची तार ८२ हर्ट्झला, तुमची त्याच्या बरोबर एक सप्तक खाली. गिटारसाठी केलेले ओव्हरड्राइव्ह (आवाज फाटका करणारे इफेक्ट) बहुतेकदा मुद्दाम खालचा भाग छाटतात, कारण गिटारला तो नको असतो. बेसवर तेच लावलंत की तळच नाहीसा होतो. बेसच्या युनिटमध्ये मूळ स्वच्छ आवाज मिसळायची सोय असते, ब्लेंड किंवा मिक्स अशा नावाची. ती सोय नसेल तर नका घेऊ. काही गिटार प्रोसेसरांत हल्ली बेस ॲम्पची मॉडेल्स येतात, ती चालतील, पण तुमच्या कामाला बेसचंच युनिट बरं.

ऑक्टेव्हरकडून फार अपेक्षा ठेवू नका. ४१ हर्ट्झचं एक आवर्तन पुरं व्हायलाच सुमारे २४ मिलिसेकंद लागतात, त्याआधी बिचारं युनिट सूर ओळखणार कसं? खालच्या तारेवर अडखळतंच. ए तारेच्या पाचव्या पडद्यापासून वर वाजवा, एका वेळी एकच सूर, मग नीट चालतं.

प्रतिसाद २

मी साउंडच्या बाजूने लिहितो, बरीच वर्षं कन्सोलवर आहे. तुमच्या वर्णनावरून प्रोसेसरच्या आधी डीआयची गरज दिसते. जॅकची साधी केबल असंतुलित, म्हणजे बाहेरचा गोंधळ रद्द न करणारी, ती लांब गेली की हम आणि जनरेटरची घरघर उचलते. डीआय तिला संतुलित करून एक्सएलआरवर देतो.

बी१ फोर घेतलात तरी महागडा डीआय लागणार नाही. पॅसिव्ह बेस थेट लावायचा असेल तर ॲक्टिव्ह डीआय बरा, तो बॅटरीवर नाहीतर मिक्सरच्या ४८ व्होल्ट फँटमवर (मिक्सर केबलमधूनच देतो त्या विजेवर) चालतो. पण प्रोसेसरमधून निघणारा सिग्नल दमदार असतो, त्याच्यापुढे साधा पॅसिव्ह डीआय पुरतो. त्यावर ग्राउंड लिफ्टचं बटण आहे ना, तेवढं पाहा. मैदानातल्या तात्पुरत्या वायरिंगवर अर्थिंगची हम आली की ते बटण दाबून बऱ्याच वेळा काम होतं. आणि अशा ठिकाणी युनिट सेलवर चालवा, अडॅप्टरचा आवाजच संपतो. बी१ फोरचा हा फायदा लहान समजू नका.

आता सूर ऐकू न येण्याबद्दल. सगळे जण बेस वाढवायला धावतात, आणि तिथेच घात होतो. ३० ते ४० हर्ट्झच्या खालचं हाय-पासने (खालचा भाग छाटणाऱ्या फिल्टरने) काढून टाका, किकच्या जागेत, ६० ते ८० च्या आसपास, थोडं कमी करा आणि ७००-८०० ला थोडं वर घ्या. बोट तारेवर पडल्याचा आवाज तिथे असतो, सूर तिथूनच कळतो. कॉम्प्रेसर ४:१, अटॅक थोडा सावकाश, म्हणजे सुराची सुरुवात दाबली जाणार नाही. कीबोर्डवाल्याशी मात्र बोलावंच लागेल. त्याचा डावा हात खाली चालू असेपर्यंत जगातला कुठलाही प्रोसेसर तुम्हाला वाचवणार नाही.

एक विनंती आमच्या बाजूने : सगळ्या पॅचचा (साठवून ठेवलेल्या आवाजांचा) आवाज घरीच सारखा करून आणा. मधल्या गाण्यात अचानक दुप्पट लेव्हल आली की आम्ही फेडर खाली ओढतो आणि रात्रभर तो तिथेच राहतो. आणि मिक्सरला जाताना कॅबिनेटचं मॉडेल (स्पीकरच्या आवाजाची नक्कल) चालू ठेवा, खऱ्या बेस ॲम्पला लावाल तेव्हा बंद.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. डावा हात हा विषय मी टाळत होतो, कारण आमचे कीबोर्डवाले वयाने आणि अनुभवाने मोठे आहेत. पण काकांशी एकदा शांतपणे बोलतोच. मी असताना खालचं सप्तक सोडा एवढं मागणं चुकीचं नाही.

पॅसिव्ह डीआय पुरतो हे कळल्यामुळे हिशेब बदलला. दोन्ही मिळून बजेटमध्ये बसतंय. तरी बी३ चं एक्सएलआर डोक्यातून जात नाही. पुढच्या आठवड्यात पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जातोय. तिथे काय काय पाहू?

प्रतिसाद १

स्वतःचा बेस आणि केबल घेऊन जा, त्यांच्या गिटारवर ऐकू नका. तिन्ही पायबटणं पुन्हा पुन्हा दाबून पाहा, एकदा दाबल्यावर दोनदा लागतंय का ते कळेल. जॅक हलवून बघा, खरखर आली तर भाव पाडा किंवा सोडा. एक्सएलआर खरोखर मिक्सरला लावून ऐका, त्यासाठीच तर घेताय. डिस्प्ले तीन आहेत, तिन्ही उजळतात ना ते अंधार करून पाहा.

अडॅप्टर मूळचाच मागा. झूमला ९ व्होल्ट, मध्यभागी ऋण असा लागतो. कीबोर्डचे बरेच अडॅप्टर मध्यभागी धन असतात आणि पिन बसूही शकते, त्यामुळे स्टेजवर घाईत कोणी लावून दिला तर युनिट जायला वेळ लागत नाही. अडॅप्टरवर रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा.

आणि मुंबईला जाताच आहात तर धोबीतलावच्या दुकानांत बी१ फोर मिळाला तर तोही त्याच दिवशी, त्याच बेसवर ऐका.

धागाकर्ता

हो, तसंच करतो. दोन्हींवर कॉम्प्रेसर आणि प्रीॲम्प एवढंच लावून, डी सुरापर्यंत उतरवलेली खालची तार वाजवून बघणार आहे. दरम्यान नाशिकमध्ये कोणाकडे बी३ किंवा बी१ फोर असेल आणि अर्धा तास ऐकू देणार असाल, तर कृपया इथे कळवा. कॉलेजरोड, सातपूर, देवळाली, कुठेही येतो, बेस घेऊन.