जुलैत अथेन्स: बाबांना अ‍ॅक्रोपोलिस झेपेल का?

कोथरूडची_लेक:
जुलैच्या मध्यात ग्रीसला निघालोय. मी, नवरा, दहावीतली मुलगी आणि माझे बाबा, वय ७१. बाबांचं म्हणणं, "मे महिन्यात पर्वती चढणाऱ्याला ऊन शिकवू नका." खरंय, पण ते पर्वती चढतात पहाटे सहाला! एजंटनं अ‍ॅक्रोपोलिसचं (टेकडीवरची प्राचीन देवळं) दुपारी १२ चं तिकीट काढून ठेवलंय. सकाळचं शिल्लकच नाही म्हणतो. त्याच्याशी भांडू, की मी उगाच बाऊ करतेय?

सिंहगड_दर_रविवारी:
भांडा. आम्ही गेल्या जुलैत अकराला चढायला लागलो. दीडशे मीटरची टेकडी, सिंहगडापुढे किस झाड की पत्ती, असं मीच हिला म्हणालो होतो. वर पोचलो तर सावलीला झाड नाही. पायाखाली संगमरवर, समोर संगमरवर, ऊन डोक्यापेक्षा खालूनच जास्त भाजतं. हिची हनुवटीखालची कातडी सोलली, टोपी घालूनसुद्धा.

आणि ते दगड माणसांच्या पायांनी इतके गुळगुळीत झालेत की कोरड्यातही पाय सटकतो. बाबांना सँडल नकोत, रबरी तळव्याचे बूट द्या.

१२ चं तिकीट तर जुगारच. जुलै २०२३ च्या उष्णतेच्या लाटेत अ‍ॅक्रोपोलिस दुपारी १२ ते ५ बंद ठेवलं होतं, पुढच्या उन्हाळ्यांतही तसं झालं. सकाळी ८ चं बघा. नाहीच तर संध्याकाळी सहाचं, तिकडे जुलैत सूर्य पावणेनऊच्या सुमाराला मावळतो.

नळस्टॉपची_काकू:
अगं, टेकडीच्या पायथ्याशी म्युझियम आहे, त्या बाजूनं आत जायचं दार आहे, तिथून शिरा. अक्रोपोली मेट्रो स्टेशन तिथेच आहे. डायोनिससच्या प्राचीन थिएटरवरून वाट हळूहळू चढते, बाबा थांबत थांबत येतील. लिफ्ट आहे, पण ती चढता न येणाऱ्यांसाठी. तुझे बाबा काही तिच्यात पाऊल ठेवायचे नाहीत!

दुपार म्युझियममध्ये काढा, एसी आहे. वर एका देवळाला खांबांच्या जागी बायकांचे पुतळे आहेत, छप्पर डोक्यावर घेऊन उभ्या असलेल्या त्या बायका वर दिसतात त्या नकला. खऱ्या पाच म्युझियममध्ये, सहावी लंडनला. त्यांना पाठीमागून बघ. वेण्या इतक्या जाड का, तर बारीक मानेला तोच आधार. मी अर्धा तास हललेच नाही. आमचे हे मात्र कॅफेत जाऊन बसले.

कोथरूडची_लेक:
भांडले. ८ चं मिळालं! "शिल्लक नाही" ते कुठून उगवलं, देव जाणे. बाबांसाठी टोपी आणली तर म्हणाले, माझं उपरणं आहे. दादा, उपरण्यानं हनुवटी झाकेल का?

सिंहगड_दर_रविवारी:
झाकेल की. ओलं करून गुंडाळायला सांगा, वर पिण्याच्या पाण्याचा नळ आहे.