मदत हवी आहे: वाचनालयाची वेबसाईट आमच्या गुरुजींना ऐकू येईना

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाची वेबसाईट मी केली आहे. पोटापाण्याला बेळगावात हिशेब लिहितो, वेबसाईट हा रविवारचा उद्योग. तेव्हा शिव्या कमी, उपाय जास्त द्या.

आमचे एक निवृत्त गुरुजी आहेत, वय ७८. काचबिंदूनं नजर गेली. नातवानं फोनवर टॉकबॅक (स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी सोय) चालू करून दिलंय, त्यावर बातम्या, व्हॉट्सअ‍ॅप सगळं ऐकतात. परवा मोठ्या हौसेनं त्यांच्यासमोर साईट उघडली. वरची तीन चिन्हं 'बटण, बटण, बटण' एवढंच बोलली. पुस्तकांच्या यादीवर बोट फिरवलं तर नुसती इंग्रजी अक्षरं, एस, जे, कंस, टिंब. गुरुजी म्हणाले, "काय रे, हे वाचनालय माझ्याशी इंग्रजीत का भांडतंय?" मला हसूही येईना.

यादी बारा वर्षांपूर्वी छापखान्यातल्या माणसानं जुन्या फॉन्टात टाइप केली होती. मी तीच साईटवर चढवली, सोबत फॉन्टची फाईलही. दिसायला सगळं स्वच्छ मराठी दिसतं! सूचना म्हणजे सहीशिक्क्याच्या कागदाचे फोटो. वर केशरी पट्टी, तिच्यावर पांढरी अक्षरं. एका आजींनी तीही दिसत नसल्याचं सांगितलं, पण कमिटीला भगवा रंग बदलायचा नाही. आणि कन्नड वाचकही येतात, त्यांच्यासाठी वेगळं पान आहे. कुठून सुरुवात करू, सांगा की.

निपाणीकर
मी स्वतः अंध आहे, कॉम्प्युटरवर एनव्हीडीए हे स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरतो. ते फुकट मिळतं, उतरवून घ्या आणि स्क्रीन बंद करून आपलीच साईट ऐका. पाच मिनिटांत कळेल.

पहिलं काम यादीचं. जुन्या फॉन्टात 'क' दिसतो, पण आत इंग्रजी अक्षर साठवलेलं असतं. वाचणारं सॉफ्टवेअर आतलं वाचतं, वरचं नाही. यादी युनिकोडमध्ये (त्यात 'क' हा आतही 'क' म्हणूनच साठवला जातो) बदलून घ्या, आणि नंतर एकदा माणसाकडून तपासा, जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. याचा फायदा डोळसांनाही आहे: आत्ता तुमच्या साईटवर 'कादंबरी' शोधून बघा, एकही पुस्तक सापडणार नाही.

मग पानाची भाषा. पानाच्या कोडमध्ये, म्हणजे एचटीएमएलमध्ये, सुरुवातीलाच ती लिहिलेली असते, तुमच्याकडे बहुतेक इंग्रजीच राहिली असेल. मराठी पानाला 'एमआर' (mr), कन्नड पानाला 'केएन' (kn) हा कोड द्या. मराठी पानावर एखादा परिच्छेद कन्नडमध्ये असेल तर तेवढ्या भागालाही 'केएन' लावा, म्हणजे आवाज बदलतो.

आणि शीर्षकं. अक्षर मोठं आणि ठळक केलं म्हणजे शीर्षक झालं असं नाही, त्याला कोडमध्ये शीर्षकाची खूण, म्हणजे टॅग, द्यावा लागतो. मी एच दाबत एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उड्या मारतो. टॅग नसला की अख्खं पान वरपासून ऐकायचं. 'इथे क्लिक करा' हेही नको. दुव्यांची यादी काढली की तेच वाक्य वीस वेळा ऐकू येतं, कुठं जायचं ते कळत नाही. 'ऑगस्टची नवी पुस्तकं' असं लिहा.

टिळकवाडीचा_वेबवाला
रंगाचं सोपं आहे. केशरीवर पांढरं म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातल्या फरकाचं गुणोत्तर साधारण २.१, आणि वेबसाईट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या डब्ल्यूसीएजी नियमावलीत साध्या मजकुराला किमान ४.५ लागतं. भगवा राहू दे, अक्षरं काळी करा, ९ च्या वर जातं. कमिटीही खूश, आजीही.

तीन चिन्हांच्या बटणांना नावं द्या: शोधा, मेनू, फोन. सूचनेचा फोटो असू दे, पण खाली तोच मजकूर टाइप करा. सगळ्या कागदाला 'सूचना' एवढाच पर्यायी मजकूर (फोटोऐवजी ऐकू येणारा) देऊन मोकळे होऊ नका, तो असून नसल्यासारखा. माऊस नेल्यावर उघडणारा मेनू असेल तर माऊस बाजूला ठेवून कीबोर्डवरच्या नुसत्या टॅब बटणानं चालवून बघा. आणि भाषा बदलायच्या बटणावर नकाशा किंवा झेंडा अजिबात नको, आपल्याकडे तर मुळीच नको. कन्नडचं नाव कन्नड लिपीत, मराठीचं देवनागरीत, विषय संपला.

धागाकर्ता
निपाणीकर दादा, 'कादंबरी' शोधून बघितलं. शून्य. बारा वर्षं कुणी तक्रार केली नाही, कारण कुणी शोधलंच नव्हतं!

बटणांची नावं, पानाची भाषा आणि काळी अक्षरं काल रात्रीच केली. भगवा तसाच असल्यामुळे अध्यक्षांना बदल कळलासुद्धा नाही. यादी मोठी आहे, कॉलेजची दोन पोरं तपासायला बसवलीत. नाटकांचा विभाग झाला. गुरुजींनी तो शेवटपर्यंत ऐकला आणि फोन केला, "तीन नाटकांच्या नावांत ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय." ऐकून ऱ्हस्व-दीर्घ कसं कळलं विचारलं, तर म्हणाले, अक्षर-अक्षर ऐकलं.

आता एकच अडलंय. सदस्यत्वाच्या अर्जात वाकडे आकडे ओळखायचं चित्र आहे. ते काढलं तर फालतू अर्जांचा पाऊस पडतो. त्याला काय करूया?

निपाणीकर
चित्र काढा, साधा प्रश्न ठेवा: 'पाच आणि दोन किती?' गावच्या साईटला तेवढं पुरतं. आणि ती नाटकांची यादी मलाही पाठवा.