शब्दचर्चा: इलेक्ट्रॉन गमावूनही ‘धन’ आयन?

प्रश्न: सोडिअमचा अणू इलेक्ट्रॉन गमावतो, तरी त्याच्या आयनाला (म्हणजे विद्युत प्रभार आलेल्या अणूला) ‘धन’ का म्हणायचं? आणि ‘धातूंची इलेक्ट्रॉन देण्याची प्रवृत्ती’ असं वाचायला मिळतं. ही प्रवृत्ती येते कुठून?

उत्तर: हा ‘धन’ गणितातला, अधिक चिन्हाचा; संपत्तीशी त्याचा संबंध नाही. सोडिअमच्या केंद्रकात ११ धन प्रोटॉन आणि भोवती ११ ऋण इलेक्ट्रॉन. एक इलेक्ट्रॉन गेला की प्रभार +१. धन-ऋण ही नावं बेंजामिन फ्रँकलिनच्या काळातली, अठराव्या शतकातली. इलेक्ट्रॉन सापडला १८९७ मध्ये, आणि तो ऋण बाजूचा निघाला.

‘प्रवृत्ती’ हा शब्द मात्र मला खरोखर खटकतो. त्यातून असं वाटतं की धातू आपणहून इलेक्ट्रॉन देऊन टाकतो. तसं कुठलाच अणू करत नाही. सोडिअमचं इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे आतून बाहेर एकेका कवचातले इलेक्ट्रॉन, २, ८, १. तो बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब असतो आणि आतले दहा इलेक्ट्रॉन केंद्रकाची ओढ बरीचशी झाकतात. तरीही तो काढायला मोलमागे (मोल हे अणू मोजायचं एकक) ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्चावी लागते. क्लोरीनच्या अणूला तो मिळाला की ३४९ परत येतात, म्हणजे व्यवहार अजून तोट्यातच. तोटा भरून निघतो तो सुटे आयन एकत्र येऊन मिठाचा स्फटिक बनताना. तेव्हा सुमारे ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. दुसरा इलेक्ट्रॉन आतल्या भरलेल्या कवचातला, त्याला ४५६२ लागतील! एवढा खर्च स्फटिकातून निघत नाही, म्हणून सोडिअम +१ वरच थांबतो. मॅग्नेशिअमचे बाहेरचे दोन निघतात, तिसरा नाही.

म्हणून ‘धातूंमधून इलेक्ट्रॉन काढायला तुलनेने कमी ऊर्जा लागते’ असं लिहावं. लांबलचक आहे, पण खरं आहे.

प्रश्न: मग ‘धन आयन’ म्हणजे ‘धातूचा आयन’ असं म्हटलं तर चालेल?

उत्तर: नाही. अमोनिअम हा नायट्रोजन आणि हायड्रोजनच्या अणूंचा गट धन आयन आहे, त्यात धातू नाही. उलट, सीझिअम ऑराइड या संयुगात सोन्यासारखा धातू इलेक्ट्रॉन घेऊन ऋण आयन होतो, कारण समोरच्या सीझिअमचा इलेक्ट्रॉन सोन्याच्या इलेक्ट्रॉनपेक्षा कितीतरी सहज सुटतो.