अनुभव धागा: राक्षसी शिकारी पक्षी टेबलावर आणताना

महाल_मॅप : रामटेकच्या गडाच्या कड्यावर घरटं, खालच्या गावातून बैल उचलून नेणारा पक्षी, एवढीच कल्पना हाती आहे. खेळ डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलावर फासे टाकून खेळायचा भूमिकांचा खेळ), पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. असले पक्षी चालवणाऱ्यांनी आकडे, बांधणी आणि हमखास फसणाऱ्या जागा लिहा. 'आमच्या पार्टीनं (खेळाडूंच्या टोळीनं) काय धमाल केली' ते नको राजेहो, कामाचं येऊ द्या.

पाचपावली_डीएम : नियमपुस्तकातला तयार रॉक (दंतकथेतला राक्षसी पक्षी) घेतला तर चॅलेंज रेटिंग (किती अवघड) ११, आर्मर क्लास (वार लागायला फाशावर हवा तो आकडा) १५, हिट पॉइंट (जीव) २४८. जमिनीवर वेग २० फूट, हवेत १२०. त्याला खाली उतरवून चोच मारत ठेवलं की पार्टी घेरते आणि २४८ बघता बघता संपतात. त्याचं हत्यार उंची आहे. पंजा लागला (नुकसान ४डी६+९, म्हणजे सहा बाजूंचे चार फासे अधिक ९) की सावज पकडीत, सुटायला फाशाची बेरीज १९ लागते. माणूस त्याच्याहून तीन साइज लहान, म्हणून ओझ्यानं वेग निम्मा होत नाही. एका टर्नमध्ये ६० फूट खाली, पंजा, ६० वर. पुढच्या टर्नला आणखी १२०. १८० फुटांवरून सोडलं की पडण्याचं नुकसान १८डी६, सरासरी ६३.

जायंट आउलला 'फ्लायबाय' (उडून निघताना मार न खाण्याची सोय) आहे, रॉकला नाही. त्यामुळे वर जाताना त्याच्या लगतचे सगळे अपॉर्च्युनिटी अटॅक (निसटणाऱ्यावर फुकटचा वार) मारू शकतात. तेवढा हक्क खेळाडूंना द्याच.

चौथ्या-पाचव्या लेव्हलच्या पार्टीवर रॉक सोडणं म्हणजे सरळ कत्तल. तिथं मी पक्ष्याला असे आकडे देईन: हिट पॉइंट ९५, आर्मर क्लास १४, उडण्याचा वेग ८०, पंजा २डी६+५, सुटायला १४. एका झेपेत ४० फुटांवर नेतो, पडलं तर ४डी६. दुखेल, पण बहुतेक जण वाचतील.

धरमपेठ_फासे : वरच्यात एक मेख आहे. १८० फुटांवर सुटकेचा फासा जिंकला म्हणजे खेळाडू स्वतःच खाली पडला! फासा टाकण्याआधी हे स्पष्ट सांगा, नाहीतर टेबलावर भांडण ठरलेलं. पडणाऱ्याला अलगद उतरवणाऱ्या 'फेदर फॉल' मंत्राची रेंज ६० फूट, म्हणजे जमिनीवरचा विझार्ड तिथवर पोचत नाही. शॉर्टबो ८० फुटांपुढे डिसॲडव्हांटेजवर (दोन फासे टाकून लहान आकडा धरायचा), लाँगबो १५० पुढे. मैदानात फक्त तलवारवाले असतील तर झाडं, देवळाचा मंडप, अरुंद पायऱ्या नकाशात हव्यातच.

गोरेवाडा_दुर्बीण : पक्षी खरा वाटावा असं वाटत असेल तर आधी त्याचा मुलूख ठरवा. न्यूझीलंडचा नामशेष झालेला हास्ट गरुड वजनाला १० ते १५ किलो, पंख फार तर ३ मीटर, आणि शिकार दोनशे किलोंपर्यंतच्या मोआची, म्हणजे न उडणाऱ्या मोठ्या पक्ष्याची. एवढ्या वजनाला ते पंख आखूडच, कारण झाडीत लांब पंख अडकतात. उघड्या माळावर घिरट्या घालणाऱ्याला लांब-रुंद पंख द्या. असला पक्षी तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या गरम हवेवर तरंगतो. विदर्भातल्या मे महिन्यात ही हवा सकाळी ऊन चढल्यावरच मिळते. म्हणून पहाटे तो घरट्यातच बसलेला दाखवा. दुपारी घरटं रिकामं, पण वाट उघड्यावरून. पार्टीला आपोआप वेळापत्रक मिळतं, आणि बहुतेक जण चुकीची वेळ निवडतात.

तो मोआ हास्टनं जागेवरच मारून खाल्ला, उचलून नेला नाही. बैल उचलायचाच तर जादू हवी, किंवा निदान कड्यावरून झेप घ्यायची सोय. खुणा म्हणून कड्याखाली पांढऱ्या विष्ठेचे ओघळ आणि ओकलेले केस-नखांचे गोळे. एखाद्या गोळ्यात बैलाच्या गळ्यातली घंटा सापडू द्या.

इतवारी_मिनी : रॉकच्या मिनीचा (टेबलावर ठेवायच्या छोट्या मूर्तीचा) तळ ४ इंच बाय ४ इंच. सांगाडा २ मिमी ॲल्युमिनियमच्या तारेचा, वर चुरगळलेली फॉइल, त्यावर एम-सीलचा (दोन भाग मळून लावायच्या लुगदीचा) पातळ थर. दोन्ही भाग सारखे मळा आणि थोडे थोडेच. उन्हाळ्यात लवकर घट्ट होतं. पिसं जाड कागदाची, शेपटीकडून डोक्याकडे चिकटवत या. उलटं केलं तर पिसांच्या कडा वर उघड्या दिसतात. उभा करायला ६ मिमी पारदर्शक ॲक्रिलिक दांडी, तळाखाली लोखंडी वॉशर, नाहीतर पंखांच्या वजनानं कलंडतो.

उंची लक्षात ठेवायला दांडीपाशी एक डी२० (वीस बाजूंचा फासा) ठेवा. प्रत्येक आकडा म्हणजे १० फूट. जो आकडा दिसतो तितकेच डी६ पडताना टाकायचे, आणि पडण्याच्या नुकसानीची मर्यादाही २०डी६ च आहे.

महाल_मॅप : डी२० घेतला. पण पक्षी २०० फुटांच्या वर गेला तर?

इतवारी_मिनी : डी२० वीसवरच ठेवा अन् मिनी टेबलावरून उचलून ठेवा. तेवढ्या उंचीवर साधा लाँगबोही डिसॲडव्हांटेजवरच.