अनुभव धागा : गॉथिक कॅथेड्रल (टोकदार कमानींचं, उंच मोठं चर्च) पाहिलंय का? लिहा

गोदाकाठ :
काल रात्री भाच्याचा फोन आला, मास्टर्सला जर्मनीत गेलाय, कोलोन स्टेशनवर गाडी बदलायची होती आणि मध्ये तासभर वेळ. "मावशी इथे करू काय?" म्हटलं मुख्य दाराने बाहेर पड आणि मान वर कर. फोन चालूच. थोडा वेळ नुसता गाड्यांचा आवाज, मग "अगं मावशी, हे काय आहे!" एवढंच बोलला. मला एकदम बाबांबरोबर हेच कोलोनचं कॅथेड्रल बघितलं ती ट्रिप आठवली आणि मग झोप कसली.

बाबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते, सगळी नोकरी दगडी बांध आणि पिचिंग बघण्यात गेली. बाकी सगळे टुरिस्ट वर बघत फोटो काढतात, हे आधी भिंतीपाशी गेले आणि दोन दगडांच्या मधल्या दरजेवरून नख फिरवत बसले. मग मला हाताला धरून दाखवलं, एक दगड काळाकुट्ट, त्याला लागूनच एक फिकट नवाकोरा, आणि नव्यावर टाकीच्या रेघा अजून ताज्या. काळा रंग म्हणजे शेकडो वर्षांचा धूर आणि आम्लाचा पाऊस. डोमचा (या कॅथेड्रलला तिथे डोम म्हणतात) स्वतःचा कारखाना आहे, तिथे पाथरवट, काचकाम करणारे, सुतार बारा महिने कामाला, कुठे ना कुठे परांची बांधलेली असतेच. कोलोनचे लोक म्हणतात डोमचं काम संपलं की जग बुडेल.

पायाभरणी १२४८ ची. बाबांनी लगेच हिशोब लावला, तेव्हा देवगिरीवर यादव, ज्ञानेश्वरी लिहून व्हायला अजून चाळीसेक वर्षं. १५६० च्या सुमारास पैसा आणि उत्साह दोन्ही आटले आणि काम थांबलं ते १८४२ पर्यंत, अर्धवट मनोऱ्यावर लाकडी क्रेन तशीच उभी, कोलोनच्या जुन्या चित्रांत ती दिसते. पूर्ण झालं १८८० मध्ये, म्हणजे पुण्यात चिपळूणकर-टिळकांची न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाली त्या साली. उंची १५७ मीटर, तेव्हा जगातली सगळ्यात उंच इमारत.

पण बाबांना सगळ्यात जास्त काय भिडलं असेल तर नकाशा. समोरच्या बाजूचं मूळ ड्रॉइंग, चर्मपत्रावरचं, माणसाच्या दुप्पट उंचीचं, हरवलं होतं. एक तुकडा १८१४ मध्ये डार्मश्टाटला सापडला, दुसरा १८१६ मध्ये पॅरिसला, आणि ते दोन्ही जोडून मनोरे तसेच्या तसे उभे केले. बाबा म्हणाले, "ज्याने काढलं त्याला ओळखणारा एक माणूस जिवंत नाही, तरी याच्या रेघेबाहेर कुणी गेलं नाही." साइटवर ड्रॉइंग सोडून काम झालं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची, त्यामुळे हे बोलताना गळा भरून आला होता त्यांचा.

तुम्ही लिहा. कुठलंही चालेल, गॉथिक असलं की झालं.

जास्वंद :
किती छान लिहिलंस गं. बाबांना नमस्कार सांग. मी मिलानचं लिहिते पण संध्याकाळी, आत्ता कुकर लावलाय.

ओळंबा :
दरजेवरून नख!! काकांना माझा साष्टांग. मी पण सिव्हिलवाला, त्यामुळे राहवत नाही. अर्धगोल कमान भार बाजूला फार ढकलते, टोकदार कमान तोच भार जास्त सरळ खाली उतरवते. छताचं वजन फासळ्यांवरून खांबांवर येतं आणि तरी जी बाजूची ढकल उरते ती बाहेरून दिलेले कमानीचे टेकू घेतात. मग भिंतीला काम उरतच नाही, म्हणून तिथे काच भरता येते. त्या टेकूंच्या डोक्यावरचे टोकदार सुळकेसुद्धा नुसती नक्षी नाही, वरून वजन दिलं की ढकल खाली वळते. लोक म्हणतात अंधारयुग, अरे कॅल्क्युलेटर नाही कॉम्प्युटर नाही आणि ४० मीटरच्या वर छत टांगलंय. अर्थात पडायचीही. फ्रान्समध्ये बोव्हेला ४८ मीटरचं छत घातलं, १२८४ मध्ये त्यातला काही भाग कोसळला, पुन्हा बांधला, मग १५७३ मध्ये मनोरा पडला, आणि ते कॅथेड्रल आजही अर्धंच आहे. पुढची लांब बाजू कधी झालीच नाही. मी मुद्दाम तेवढ्यासाठी गेलो होतो, आत लाकडाचे आणि लोखंडाचे आधार दिलेत. माझ्या मते कोलोनपेक्षा तेच बघावं, माणसाने किती ताणलं ते तिथे दिसतं.

चहाबाज :
कोलोन डोमला लिफ्ट आहे का? आईबाबांना घेऊन एप्रिलमधे जातोय. आईचे गुडघे.

गोदाकाठ :
@चहाबाज मनोऱ्याला लिफ्ट नाही हो, ५३३ पायऱ्या आणि गोल जिना, वर जाणारे खाली येणारे एकाच जिन्यात. आईंना खाली बसवा, खाली बघण्यासारखं पुष्कळ आहे. बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांची सोन्याची पेटी आहे, ११६४ मध्ये मिलानहून ते अवशेष आणले आणि त्या यात्रेकरूंसाठीच तर एवढं मोठं बांधायला घेतलं. आणि बाकं आहेत भरपूर.

अत्तराची_कुपी :
दुपारी ऊन असताना जा म्हणजे दक्षिणेकडच्या, रिश्टर या चित्रकाराने केलेल्या खिडकीचा रंग जमिनीवर पडतो. नुसते रंगीत चौकोन, ११ हजारांच्या वर, २००७ ला बसवली. बऱ्याच जणांना आवडली नव्हती म्हणे, मला प्रचंड आवडली. माझ्या लेकीचा पांढरा फ्रॉक निळाजांभळा झाला होता आणि ती तिथून हलायला तयार नाही, पकडायला बघत होती रंग.

बोरीबंदरची_लोकल :
मी युरोपला गेलेली नाही पण मला लिहायचंच आहे. सीएसएमटी! आपण रोज त्यातून धावतो. स्टीव्हन्सने बांधलं, १८८८ ला पूर्ण झालं, आणि नक्षीकामात जेजे स्कूलच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. एकदा मेगाब्लॉकमुळे अडकले होते तेव्हा बाहेर उभं राहून नीट बघितलं, खांबांवर पानंफुलं, मोर, माकडं, खारी, आपली माती आपले प्राणी आणि साचा गॉथिकचा. तो मोर तर इतका सुंदर आहे की माझी ८:५२ गेली तरी वाईट वाटलं नाही. आणि राजाबाई टॉवर विसरू नका, १८७८. प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावाने पैसे दिले, डिझाइन जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचं, तो स्वतः कधी मुंबईत आलाच नाही.

ओळंबा :
@बोरीबंदर अगदी बरोबर, आणि हाच स्कॉट इंग्लंडमध्ये सॅल्सबरी, ईली वगैरे जुनी कॅथेड्रलं दुरुस्त करत होता. ज्या हाताने तिकडची जुनी छतं सावरली त्यानेच फोर्टमधला टॉवर काढला. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत जा कधीतरी, रंगीत काचा बघा.

कढीपत्ता :
मेगाब्लॉकने कुणाचं तरी भलं झालं हे पहिल्यांदा ऐकलं 😄

सीनकाठ_पॅरिस :
१५ एप्रिल २०१९. ऑफिसातून निघाले तर पूल बंद, माणसं नदीकाठी उभी, कुणी ढकलत नाही, कुणी ओरडत नाही. नोत्र दामच्या, इथल्या कॅथेड्रलच्या, छतातून ज्वाळा. छताची लाकडं बहुतेक तेराव्या शतकातली, इतकी दाट की त्याला जंगलच म्हणायचे. मनोरा मोडून आत पडला तेव्हा सगळ्या काठावरून एकच आवाज निघाला. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ गाणं म्हणत होते, हळूहळू बाकीचे म्हणायला लागले, मला शब्द येत नव्हते पण मी रडत होते. मी सांगलीची, माझं त्या चर्चशी काय नातं? पण रोज बसमधून दिसायचं ना ते.

डिसेंबर २०२४ ला उघडलं, जानेवारीत गेले. आणि खरं सांगते धक्का बसला, पूर्वी आत काळोख असायचा, काजळी धरलेली, आता दगड लोण्यासारखा उजळ झालाय. छताची लाकडं पुन्हा ओकचीच, आणि तुळया सुतारांनी कुऱ्हाडीने तासल्यात, जुन्या पद्धतीने. माझ्या मैत्रिणीला ते फार नवंनवं वाटतं, म्हणाली जुनी नोत्र दाम गेली. मला नाही पटत. बांधलं तेव्हा उजळच होतं की ते, काजळी नंतर आली.

जास्वंद :
@सीनकाठ वाचताना काटा आला गं. मी आपली टीव्हीवर बघत होते, सासूबाई म्हणाल्या देवाचं घर जळतंय, आणि त्यांनी निरांजन लावलं.

हां तर मिलान. ड्युओमोच्या, म्हणजे तिथल्या कॅथेड्रलच्या, छतावर चालता येतं! खांदे झाकलेले हवेत, गुडघे झाकलेले हवेत, दाराशी बघतात, मी पंजाबी ड्रेसमधे होते त्यामुळे प्रश्नच नाही. वर आलो की तुमच्या बरोबरीने पुतळेच पुतळे, प्रत्येक सुळक्यावर एक संत उभा, खालून ज्याचा अंगठाही दिसणार नाही त्याच्या पायाच्या नखांपर्यंत कोरलंय. मी एकीच्या पदराची चुणी बघत होते, मागून, जी फक्त पक्ष्याला दिसणार. कुणासाठी केलं असेल एवढं? संगमरवर कांदोलियाच्या खाणीतून, तलाव नदी आणि कालव्यांतून होडीने शहरात आणायचे. बांधायला सुरुवात १३८६. सगळ्यात वर सोनेरी मादोन्निना, म्हणजे मेरीचा पुतळा, मिलानच्या लोकांचं तिच्यावर इतकं प्रेम की तिच्यापेक्षा उंच काही बांधायचं नाही असा रिवाज, आणि पुढे उंच इमारत झाली तेव्हा तिची प्रतिकृती त्या इमारतीवर नेऊन बसवली.

चहाबाज :
खांदे झाकायचं लक्षात ठेवतो. कोलोनला सामान कुठे ठेवतात? चार मोठ्या बॅगा आहेत.

भाकरतुकडा :
@चहाबाज स्टेशनातच. कोलोनचे लॉकर वेगळे आहेत, बॅग एका कप्प्यात ठेवायची, दार बंद होतं आणि बॅग खाली जमिनीत निघून जाते, चिठ्ठी घातली की परत वर येते. आमच्या काकूंनी बॅग जाताना बघितली आणि तिथेच उभ्या राहिल्या, म्हणे त्यात माझं मेतकूट आहे. डोम बघायला यायलाच तयार नाहीत! शेवटी काका थांबले, काकू गेल्या, मग उलट.

कढीपत्ता :
मेतकूट महत्त्वाचंच. काकू बरोबर आहेत.

शेवंती :
मी फ्रान्समधलं शार्त्र. नवऱ्याबरोबर नव्हे, आईबरोबर, बाबा गेल्यानंतरचं वर्ष. पॅरिसहून गाडीने तासाभराच्या आसपास, गव्हाच्या शेतातून लांबूनच दोन मनोरे दिसतात, दोन्ही वेगळे, एक साधा एक नक्षीचा. आत काचा बहुतेक तेराव्या शतकातल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी सगळ्या काढून लपवून ठेवल्या होत्या म्हणून वाचल्या. त्या निळ्याचं काय सांगू, आई पैठणीवाली, रंग ओळखणारी बाई, ती म्हणाली हा निळा आपल्याकडे नाही. जमिनीवर दगडात एक मोठं गोल चक्रव्यूहासारखं वाटेचं चित्र आहे, एकच वाट, चुकायला जागा नाही, फिरत फिरत मधे पोचते. एरवी त्यावर खुर्च्या असतात, आमच्या नशिबाने शुक्रवार होता आणि खुर्च्या बाजूला केलेल्या. आई चप्पल काढून चालली. कुणी सांगितलं नव्हतं काढ म्हणून. मी बाकावर बसून बघत होते. बाबा गेल्यावर ती इतकी स्थिर मी तोपर्यंत पाहिली नव्हती. नंतर बाहेर येऊन म्हणाली भूक लागली, ते ऐकून मला किती बरं वाटलं.

गोदाकाठ :
@शेवंती काय लिहू. आईंना घट्ट मिठी.

अत्तराची_कुपी :
@शेवंती ❤️ आई कशा आहेत आता?

शेवंती :
मस्त आहे गं, भिशी, भजन, मोबाईलवर रमी.

टिकटिक :
मुलं बरोबर असतील तर स्ट्रासबुर्ग. आतलं खगोलशास्त्रीय घड्याळ, आत्ताची यंत्रणा १८३८ ते १८४३ मधली, पण अजून चालते. दुपारी साडेबाराला येशूसमोरून बारा प्रेषित ओळीने जातात आणि वरचा कोंबडा पंख फडफडवून आरवतो. माझा मुलगा घड्याळजींचा नातू, आमचं दुकान होतं मिरजेत, त्याने कोंबड्याकडे बघितलंच नाही, खालचे दातेरी चक्रच बघत बसला. आजोबांना व्हिडिओ कॉल लावला तर आजोबा म्हणे कॅमेरा हलवू नको, मला एस्केपमेंट (चक्राचा एकेक दात सोडणारा भाग) बघू दे. दोघं मिळून अर्धा तास. कॅथेड्रलचा दगड गुलाबी आहे, मनोरा एकच, दुसरा झालाच नाही.

बर्फी :
इंग्लंडमध्ये असाल तर तिकीट न काढता बघायचा मार्ग म्हणजे संध्याकाळची प्रार्थना, इव्हनसाँग. सॅल्सबरीला गेले होते, १२३ मीटरचा मनोरा, इंग्लंडमधल्या चर्चांच्या मनोऱ्यांत सगळ्यात उंच. मुलांचा कॉयर गायला लागला की आवाज वर जातो आणि थांबल्यावरही वर राहतो. प्रार्थनेत बसायला धर्म कुणी विचारत नाही, फक्त मध्येच उठून फोटो काढू नका, प्लीज. आपलेच लोक काढत होते, आणि मागच्या आजीबाई डोळे मिटून बसल्या होत्या. देवळात आरती चालू असताना कुणी पाठ फिरवून सेल्फी काढला तर आपल्याला काय वाटेल?

ओळंबा :
+१ शेवटच्या वाक्याला.

बोरीबंदरची_लोकल :
ती जनावरांच्या तोंडाची दगडी डोकी असतात ना बाहेर, ती पाणी टाकायला असतात ना? आपल्या गोमुखासारखी?

ओळंबा :
हो, गार्गॉइल. पावसाचं पाणी भिंतीपासून लांब फेकायला. पाणी दरजेत मुरलं की दगड संपला.

चहाबाज :
सगळ्यांना धन्यवाद. अजून एकच, कोलोनची ती मोठी घंटा रोज वाजते का? बाबांना ऐकायचीय.

गोदाकाठ :
नाही हो. जाड पिटर म्हणतात तिला, २४ टनांची, १९२३ ची, मोठ्या सणांनाच वाजते. २०११ मध्ये तिचा लोलकच तुटून पडला होता, मग नवीन बसवला. एप्रिलमध्ये ईस्टर कधी आहे बघा, जमलं तर त्या दिवशी सकाळी पोचा, आणि आईंसाठी स्टेशनच्या बाजूच्या पायऱ्या टाळून लिफ्टने वर या.

चहाबाज :
बघतो, बाबा आत्ताच कॅलेंडर घेऊन बसलेत.